लग्नाची नोंद नाही, नाव मात्र बदललंय: दोन नावं कागदावर जोडायची कशी

शाळेच्या दाखल्यावर सुमन दगडू जाधव. आधारवर सुनंदा विठ्ठल शिंदे. रेशनकार्डावर सुनंदाबाई. लग्न १९९५ सालचं, मांडवात चारचौघांसमोर लागलेलं, पण नोंदणी कुणी केली नाही. अशी बाई पासपोर्टसाठी किंवा माहेरच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी खिडकीवर उभी राहिली की एकच प्रश्न येतो: या दोघी एकच कशावरून? (नावं इथे नमुन्यादाखल घेतली आहेत, प्रकार घरोघरचा आहे.)

बहुतेक जण इथेच चुकतात. नव्या नावाचे आणखी कागद गोळा करत सुटतात. वीजबिल, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक, सरपंचाचा दाखला. नव्या नावाचे पुरावे आधीच ढीगभर असतात. कमी असतो तो जुन्या आणि नव्या नावामधला दुवा. म्हणजे असा एक सरकारी कागद, ज्यावर दोन्ही नावं आहेत किंवा जुन्या नावाच्या बाईचं लग्न या नवऱ्याशी झाल्याची नोंद आहे. तो मिळवायचा आणि मग बाकीचे कागद त्याच्यामागे ओळीने लावायचे, एवढंच हे काम आहे. क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं.

खाली दिलेली पद्धत महाराष्ट्रातली आहे. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी आणि नावबदल या दोन्हींचे कायदे वेगळे आहेत, तिथल्यांनी ही जशीच्या तशी वापरू नये.

आधी एक गैरसमज काढून टाका

‘तीस वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहतो, मग लग्न सिद्धच आहे की’ हा युक्तिवाद कोर्टात चालतो, खिडकीवर चालत नाही. दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये जवळपास पन्नास वर्षांच्या सहजीवनाच्या प्रकरणात तसं धरलंही. पण ते गृहीतक न्यायाधीशाने धरायचं असतं. आधार केंद्रावरच्या ऑपरेटरला किंवा बँकेच्या कारकुनाला तो अधिकार नाही. त्याच्यापुढे यादी असते आणि यादीत विवाह प्रमाणपत्र, राजपत्र (सरकारचं गॅझेट, ज्यात नावबदल जाहीर छापून येतो) असे शब्द असतात.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. नोंदणी झाली नाही म्हणून हिंदू पद्धतीने विधिवत लागलेलं लग्न बेकायदा ठरत नाही. म्हणजे तुम्ही ‘नव्याने लग्न’ करत नाही, झालेल्या लग्नाची नोंद करून घेताय. कार्यालयात बोलताना हेच शब्द वापरा, नाहीतर समोरचा नोटीस विवाहाचा, म्हणजे ३० दिवसांची नोटीस देऊन नव्याने लग्न करायचा फॉर्म हातात ठेवतो.

## टप्पा १: नावांचा तक्ता

अर्ज भरायच्या आधी घरातले सगळे कागद जमिनीवर मांडा आणि एका वहीत पाच रकाने आखा: कागदाचं नाव, त्यावरचं मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर, जन्मतारीख, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव कसं लिहिलंय. प्रत्येक कागद एका ओळीत. अर्धा तास जातो, आणि पुढचे निम्मे हेलपाटे इथेच वाचतात.

तक्त्यात हमखास सापडणाऱ्या गोष्टी:

- ‘सौ.’ नावाचाच भाग होऊन बसलेलं असतं. तसंच ‘बाई’, ‘ताई’. ओळखपत्रात हे नको.
- लाडाचं नाव. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां. बेबी’, दाखल्यावर सुमन.
- विठ्ठलचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. कुठे एक टी, कुठे दोन, कुठे टीएचएच.
- जन्मतारीख: दाखल्यावर १ जून, आधारवर नुसतं वर्ष धरून १ जानेवारी.

जन्मतारखेचा घोळ असेल तर तो नावाच्या अर्जात मिसळू नका, त्याचे पुरावे वेगळे लागतात. मात्र तो आहे हे आताच माहीत असू द्या, कारण नाव जुळलं तरी तारखेवर फाइल अडते.

तक्त्याच्या शेवटी एक ओळ ठळक लिहा: यापुढे सगळीकडे हेच नाव, हेच स्पेलिंग. शक्यतो जे स्पेलिंग नवऱ्याच्या पॅनवर आणि मुलांच्या दाखल्यांवर आहे तेच धरा. घरात चार माणसं आणि आडनावाची दोन स्पेलिंगं, हा त्रास पुढे मुलांच्या पासपोर्टपर्यंत पोचतो.

तपासा: माहेरच्या नावाचा किमान एक मूळ कागद हातात आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत मिळते. शाळा अर्धवट सुटली असली तरी प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये नाव असतं, त्या नोंदीचा निर्गम उतारा मागा. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर गावातली जन्मनोंद, माहेरचं जुनं रेशनकार्ड किंवा वडिलांच्या जमिनीवरचा वारस फेरफार शोधा. त्यात मुलींची नावं बरेचदा सापडतात.

## टप्पा २: तुमचं प्रकरण कुठल्या प्रकारात बसतं

आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि बऱ्याच घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. सरकारी यंत्रणेच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

(अ) पहिलं नाव तेच, मधलं नाव आणि आडनाव बदललं. विवाह प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. टप्पा ३ करा, ४ सोडा.

(आ) पहिलं नावही बदललं. सुमनची सुनंदा झाली. इथे विवाह प्रमाणपत्र एकटं पुरत नाही, राजपत्र लागतंच. टप्पा ३ आणि ४ दोन्ही.

(इ) नवरा हयात नाही. नोंदणीला दोघांनी हजर राहावं लागतं, त्यामुळे तो रस्ता बंद धरा. थेट टप्पा ४. तिथे या प्रकारासाठी वेगळं लिहिलं आहे.

(ई) कोणताही विधी झालेला नाही, फक्त एकत्र राहतो. तुमच्याकडे नोंदवण्यासारखं लग्नच नाही. मागच्या तारखेचं लग्न दाखवून प्रमाणपत्र काढू नका. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, ३० दिवस थांबा आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करा. लग्न करायचंच नसेल आणि फक्त नाव हवं असेल तर राजपत्रातून नाव बदलता येतं, त्याला लग्नाचं कारण लागत नाही.

सावधान: ‘काही विचारू नका, आठवड्यात मागच्या तारखेचं प्रमाणपत्र देतो’ म्हणणारे एजंट कार्यालयांच्या बाहेरच भेटतात. खोट्या तारखेचं प्रमाणपत्र वारसाहक्काच्या दाव्यात विरुद्ध बाजूचा वकील पहिल्याच तारखेला फाडतो. लग्नाच्या वेळी मुलगी १८ किंवा मुलगा २१ पेक्षा लहान असेल तरी तारीख पुढे ढकलू नका. आधी वकिलाशी बोला.

## टप्पा ३: जुन्या लग्नाची नोंदणी

कायदा: महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८. लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करावी असं तो सांगतो, पण उशीर झाला म्हणून नोंदणी नाकारली जात नाही, विलंब शुल्क भरावं लागतं. तीस वर्षांपूर्वीचं लग्नही नोंदवता येतं.

कुठे: तुम्ही राहता त्या भागातल्या विवाह निबंधकाकडे. खेड्यात हे काम ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) करतात, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचं प्रभाग कार्यालय.

काय न्यायचं:

१. विवाह नोंदणीचं ज्ञापन, म्हणजे ‘नमुना ड’. त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.
२. दोघांच्या वयाचा पुरावा. बायकोचा माहेरच्या नावाचाच हवा.
३. दोघांच्या राहण्याचा पुरावा.
४. लग्नपत्रिका आणि लग्नातला एक फोटो, ज्यात दोघांचे चेहरे ओळखू येतात.
५. तीन साक्षीदार, ओळखपत्रासह, स्वतः हजर.
६. लग्न लावणाऱ्या भटजींची, काझींची किंवा इतर पुरोहिताची सही आणि ओळखपत्र.
७. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो.

शुल्क किरकोळ असतं आणि कार्यालयागणिक थोडं बदलतं. सुट्टे पैसे ठेवा, पावती घ्या.

लग्नपत्रिकेचा घोळ. जुन्या पत्रिकेत बरेचदा साल नसतं. ‘रविवार दि. १४ मे रोजी’ एवढंच. अशा वेळी वार मदतीला येतो: १४ मेला रविवार १९८९, १९९५ आणि २००० साली होता, म्हणजे मोठ्या मुलाची जन्मतारीख शेजारी ठेवली की साल पक्कं होतं. तिथीसोबत शके असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १९१७ म्हणजे १९९५. लग्न जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९ मिळवा. ही एक चूक फार होते. माघात लागलेल्या लग्नाचं साल एकाने मागे लिहिलं जातं आणि मग फोटोमागची तारीख आणि अर्जावरची तारीख जुळत नाहीत.

पत्रिका उरलीच नसेल तर दोघांचं प्रतिज्ञापत्र आणि फोटो घेऊन जा. देवळात किंवा कार्यालयात लग्न लागलं असेल तर तिथली पावती किंवा नोंदवहीचा उतारा मिळतो का पाहा. भटजी वारले असतील तर तसं प्रतिज्ञापत्रात लिहा आणि साक्षीदारांपैकी निदान दोघं तरी प्रत्यक्ष लग्नाला हजर असलेले आणा. एक साक्षीदार माहेरचा असावा. ‘ही दगडू जाधवांची मुलगी’ हे सांगणारं माणूस तेच असतं.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर लांबलचक नको. मुद्द्याची तीन वाक्यं अशी:

> विवाहापूर्वी माझे नाव सुमन दगडू जाधव असे होते. माझा विवाह श्री. विठ्ठल … शिंदे यांच्याशी दि. १४ मे १९९५ रोजी मु. पो. … येथे हिंदू धार्मिक विधीने झाला असून तेव्हापासून मी सुनंदा विठ्ठल शिंदे या नावाने ओळखली जाते. सुमन दगडू जाधव व सुनंदा विठ्ठल शिंदे या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपयांचा आला आहे. पण शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. टायपिंगवाला ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर आधी निबंधकाला विचारा.

ज्ञापन भरताना. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. वधूच्या नावाच्या रकान्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहायचं, आत्ताचं नाही. ‘सुनंदा विठ्ठल शिंदे हिचा विठ्ठल शिंदेशी विवाह’ असं प्रमाणपत्र हातात आलं तर ते दुवा म्हणून शून्य कामाचं, कारण त्यात माहेरचं नावच नाही. आत्ताचं नाव लिहायची जागा वेगळी आहे: ‘दुसऱ्या नावाने ओळखले जात असल्यास ते नाव’ असा रकाना ज्ञापनात असतो. लोक तो रिकामा सोडतात. तुमचं निम्मं काम त्या रकान्यात आहे. तो भरा.

वयाच्या रकान्यात लग्नाच्या दिवशीचं वय, आजचं नाही. व्यवसायाचा रकानाही तसाच.

तपासा (खिडकीवरच, सही करायच्या आधी): प्रमाणपत्राच्या मसुद्यात माहेरचं पूर्ण नाव आणि नवऱ्याचं पूर्ण नाव आहे का? विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या आहेत का? इंग्रजी स्पेलिंग वहीतल्या ठळक ओळीशी जुळतं का? नवं नाव प्रमाणपत्रावर येत नसेल तर ज्ञापनाची प्रमाणित प्रत मागून घ्या, तिच्यावर दोन्ही नावं असतात.

अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका. विवाह नोंदणी ही लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. मुदतीत काम झालं नाही तर प्रथम अपील करता येतं, पण ते पोच असेल तरच.

## टप्पा ४: राजपत्र

पहिलं नाव बदललं असेल तर, किंवा विवाह प्रमाणपत्र मिळणारच नसेल तर.

अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे ऑनलाइन जातो. नावबदल महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये, साप्ताहिक अंकात छापून येतो. अर्जाचे प्रकार तीन आहेत: नाव, जन्मतारीख, धर्म. ‘नाव’ निवडा. सोबत जुन्या नावाचा पुरावा, नव्या नावाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, फोटो आणि सही अपलोड करायची.

भरण्याची पद्धत साधी आहे, चुका मात्र ठरलेल्या आहेत:

- जुन्या नावात फक्त ‘सुमन जाधव’ लिहिणं. दाखल्यावर तीन शब्द असतील तर इथेही तीन हवेत.
- दोन जुनी नावं असताना एकच देणं. दाखल्यावर सुमन आणि बँकेत ‘सुमन विठ्ठल शिंदे’ असेल तर दोन्ही यायला हवीत. उर्फ लावून लिहिता येतं का ते अर्जात पाहा.
- नव्या नावात ‘सौ.’ लिहिणं.
- इंग्रजी स्पेलिंग न तपासणं. पॅन आणि पासपोर्ट इंग्रजी अक्षरांवर चालतात, राजपत्रातली चूक तिथे जशीच्या तशी उतरते. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

अंक प्रसिद्ध झाला की पूर्ण पान उतरवून घ्या. नुसती आपली ओळ कापून ठेवू नका. राजपत्राचं नाव, भाग, तारीख आणि पानाचा क्रमांक दिसला पाहिजे.

राजपत्र लग्न सिद्ध करत नाही. नाव बदलल्याची ती जाहीर नोंद असते, मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. म्हणून पेन्शन किंवा वारसाच्या कामात राजपत्रासोबत लग्नाचा पुरावा वेगळा मागतात.

नवरा हयात नसलेल्यांसाठी: पतीचा मृत्यू दाखला, दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले (आईचं नाव त्यावर कोणतं आहे ते आधी बघा) आणि वरच्यासारखं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर राजपत्राची तयारी करा. पती सरकारी नोकरीत असतील तर सेवापुस्तकातल्या वारस-नामनिर्देशनाची प्रत मागा. तिथे पत्नीचं नाव नातं लावून लिहिलेलं असतं, आणि हा खासगी कागदांपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

## टप्पा ५: आधार

आता, आधी नाही. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. स्पेलिंगच्या दुरुस्तीतही एक संधी जाते. वहीतली ठळक ओळ पक्की झाल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका.

मूळ कागद घेऊन केंद्रावर जा. प्रकार (अ) ला विवाह प्रमाणपत्र, प्रकार (आ) ला राजपत्र आणि जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र. शुल्क ७५ रुपये. ऑपरेटर माहिती भरून झाल्यावर स्क्रीन तुमच्याकडे वळवतो. चष्मा लावा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वाचा, मगच हो म्हणा. इंग्रजी लिहिलं की मराठी आपोआप उमटतं आणि ‘विठ्ठल’चा ‘वित्थल’ तिथेच होतो.

पत्त्याच्या आधी येणारं ‘द्वारा’ आणि नाव या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे नवऱ्याचं नाव आलं म्हणजे तुमचं नाव बदललं असं नाही.

ज्यांचं आधार पहिल्यापासूनच सासरच्या नावाने आहे त्यांना हा टप्पा बहुधा लागत नाही. त्यांनी फक्त स्पेलिंग जुळवावं.

## टप्पा ६: पॅन

‘पॅनमधील बदल किंवा दुरुस्ती’चा अर्ज करा. नवीन पॅनचा नाही. क्रमांक आयुष्यभर एकच राहतो, दोन पॅन ठेवले तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

पॅनची यादी बाकीच्यांपेक्षा सैल आहे. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, राजपत्र, नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, यातलं एक चालत आलं आहे. म्हणून काही जण नुसत्या पत्रिकेवर आधी पॅन बदलून टाकतात. मग आधारवर जुनं नाव, पॅनवर नवं, आणि दोन्हींची जोडणी अडकते. आधार आधी, पॅन नंतर.

सावधान: वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडीलच. लग्न झालं तरी तिथे नवऱ्याचं नाव लिहायचं नसतं.

नाव तोडून लिहायची पद्धतही दर ठिकाणी वेगळी आहे:

- आधार: एकच ओळ, सुनंदा विठ्ठल शिंदे.
- पॅन: तीन रकाने, आडनाव शिंदे, पहिलं सुनंदा, मधलं विठ्ठल.
- पासपोर्ट: दोन रकाने, आडनाव शिंदे, दिलेलं नाव ‘सुनंदा विठ्ठल’.

पासपोर्टमध्ये मधलं नाव लिहायचं राहिलं तर पुढे व्हिसा आणि बँकेच्या कागदांत दोन शब्दी आणि तीन शब्दी नाव असा नवाच घोळ सुरू होतो.

## टप्पा ७: बँक आणि बाकीचे

बँकेत ‘आधी आधार बदलून आणा’ असं सांगतात. तुम्ही बदललेलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तरी नियम तुमच्या बाजूचा आहे: ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडल्यावर जुन्या नावाचं ओळखपत्रही वैध धरायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आहे. नम्रपणे, लेखी अर्जात हे वाक्य टाका. सहीचा नवा नमुना त्याच दिवशी द्या आणि जुन्या सहीचे चेक परत करा.

मतदार यादीसाठी फॉर्म ८. वाहन परवाना, रेशनकार्ड, विमा हे आधारमागे सहज येतात, त्यांची घाई नको. भविष्य निर्वाह निधीत नाव बदलायला काही प्रकरणांत अजूनही मालकाची संमती लागते, नोकरी सोडण्याआधी ते उरका.

## टप्पा ८: पासपोर्ट

जुना पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर अर्ज ‘पुनर्निर्गमन’चा, कारण ‘वैयक्तिक तपशिलात बदल’. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,०००. पहिलाच पासपोर्ट असेल तर ‘नवीन’.

अर्जात दोन प्रश्न शेजारी शेजारी येतात: तुम्ही दुसऱ्या नावाने ओळखल्या जाता का, आणि तुम्ही कधी नाव बदललंय का. घाबरून दोन्हींना ‘नाही’ लिहू नका. दाखला माहेरच्या नावाचा असेल तर दुसऱ्याला ‘हो’ आणि खाली पूर्ण जुनं नाव. पोलीस पडताळणीत शेजारी ‘सुमनताई’ म्हणाले आणि अर्जात ‘नाही’ असेल तर शेरा उलटा पडतो.

पतीचं नाव पासपोर्टात टाकायला विवाह प्रमाणपत्र नसेल तर दोघांचा एकत्र फोटो आणि दोघांच्या सह्या असलेलं घोषणापत्र, परिशिष्ट जे, हा पर्याय आहे. पण ते जोडीदाराचं नाव टाकण्यापुरतं. तुमचं स्वतःचं पहिलं नाव त्याने बदलत नाही.

मुलाकडे परदेशी जायला निघालेल्या आयांसाठी एक सोपी वाट आहे. दहावीचं प्रमाणपत्र फक्त ‘इमिग्रेशन तपासणी आवश्यक नाही’ या शेऱ्यासाठी मागतात, आणि ५० वर्षांवरील व्यक्तीला तो शेरा वयावरच मिळतो. जन्मतारखेसाठी पॅन चालतं. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या बाईने माहेरच्या नावाचा दाखला फाइलमध्ये उगाच पुढे करून स्वतःच प्रश्न उभा करायची गरज नाही. अर्जातलं जुनं नाव मात्र लपवायचं नाही.

कशाच्या मागे लागू नये

शाळेचा दाखला आणि दहावी-बारावीची प्रमाणपत्रं माहेरच्या नावानेच राहतात. ती बदलून घ्यायचा खटाटोप करू नका. त्यांच्यामागे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडलं की काम होतं. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावतानाही तलाठ्याकडे हाच संच द्यायचा: दाखला, दुवा, आधार, या क्रमाने टाचलेला.

असे तीन संच करून ठेवा, प्रत्येक झेरॉक्सवर सही करून. जुन्या नावाचं ओळखपत्र रद्द झालं तरी त्याची रंगीत प्रत फेकू नका. आधारच्या संकेतस्थळावरून बदलांचा इतिहास उतरवून घेता येतो, त्यात आधीचं नाव दिसतं. मुख्य पुरावा म्हणून तो चालणार नाही, पण शंकेखोर कारकुनापुढे चौथा कागद म्हणून ठेवायला बरा.